एकाच जातीचे दोन चेंडू

बोलिंगच्या माझ्या जुन्या चेंडूविषयी माझी तक्रार एकच होती: तो वळायची घाई करतो. लेनवर, म्हणजे चेंडू टाकायच्या लांब पट्टीवर, लावलेल्या तेलातून त्याने बराच वेळ सरळ घसरत जावे आणि शेवटच्या टप्प्यात कोन करून पॉकेटमध्ये, म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या पिनांमधल्या फटीत, शिरावे, या अपेक्षेने मी तो घेतला होता आणि भोके पाडून घेतानाही हेच सांगितले होते. प्रत्यक्षात तो निम्म्या वाटेवरच कलू लागे. पिनांपाशी पोचेपर्यंत त्याचा जोर सरलेला असे आणि नेम अचूक पॉकेटवर बसला तरी कोपऱ्यातली दहा नंबरची पिन जागची हलत नसे. वर्षभर मी आधी चेंडूला, मग लेनवरच्या तेलाला आणि शेवटी स्वतःच्या मनगटाला दोष दिला. एका गोष्टीवर मात्र मी कधी शंका घेतली नाही. चेंडूबरोबर मिळालेल्या कागदावर ‘६५ × ५ × ३५’ असा लेआउट, म्हणजे भोकांच्या जागांची आखणी, लिहिलेला होता, आणि तो लेआउट चेंडूला उशिरा वळवणारा आहे हे मी अनेकदा वाचले होते.

पुढचा चेंडू घ्यायची वेळ आली तेव्हा मी ठरवले, की एकाच जातीचे, एकाच वजनाचे दोन चेंडू घ्यायचे, दोघांत भोके वेगवेगळ्या जागी पाडून घ्यायची आणि लेआउटने नेमके काय होते ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे. हौस जरा महागातली होती हे कबूल करतो. दोन्ही चेंडू १५ पौंडांचे होते आणि दोघांच्याही पोटात सममित कोअर होता, म्हणजे उभ्या आसाभोवती सगळीकडून सारख्या आकाराचा गाभा. यावेळी ड्रिलर, म्हणजे भोके पाडून देणारा कारागीरही बदलला. ज्यांच्याकडे गेलो ते मितभाषी गृहस्थ होते. मी माझी सगळी योजना उत्साहाने सांगितल्यावर त्यांनी नव्या चेंडूंच्या खोक्यांना हातही लावला नाही. ते म्हणाले, “आधी तुमचा जुना चेंडू घ्या आणि पाच-सहा वेळा टाकून दाखवा.”

त्यांनी असे का सांगितले ते कळण्यासाठी चेंडूच्या पोटात काय असते हे थोडे सांगायला हवे. बोलिंगच्या चेंडूचा परीघ साधारण २७ इंच असतो. त्याच्या कवचाखाली हलके भरण असते आणि मध्यभागी जड कोअर बसवलेला असतो. कोअर लांबट असल्याने चेंडू सगळ्या आसांभोवती सारख्याच सहजतेने फिरत नाही. कोअरच्या उभ्या आसाभोवती तो सर्वांत सहज फिरतो आणि आडव्या आसाभोवती सर्वांत जड जातो. कोअरचे वरचे टोक कुठे आहे ते दाखवणारा एक रंगीत ठिपका कवचावर असतो, त्याला ‘पिन’ म्हणतात. लेनच्या टोकाला उभ्या असलेल्या दहा लाकडी मूर्तींनाही पिनच म्हणायचे आणि चेंडूवरच्या ठिपक्यालाही पिनच, ही या खेळाची जुनी खोड आहे. मी ठिपक्याला पिन आणि उभ्या असलेल्यांना पिना म्हणेन.

हे झाले चेंडूचे. दुसरी बाजू खेळाडूच्या हाताची असते. चेंडू हातातून सुटतो त्या क्षणी तो एका विशिष्ट आसाभोवती फिरत असतो आणि हा आस चेंडूच्या पृष्ठभागाला जिथे छेदतो त्या बिंदूला ‘पॉझिटिव्ह अॅक्सिस पॉइंट’, बोलताना नुसते ‘पॅप’ म्हणतात. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा पॅप पकडीच्या उजवीकडे असतो. पकडीच्या मध्यापासून आडवे पाच इंच आणि वर अर्धा इंच, असा काहीसा तो पुष्कळांच्या बाबतीत भरतो. हा बिंदू ज्याच्या-त्याच्या हाताचा असतो आणि लेआउट म्हणजे मुळात या बिंदूच्या संदर्भात कोअर कसा कलता ठेवायचा याचा हिशेब असतो. पॅप चुकला तर पुढचे सगळे आकडे कागदावरच राहतात.

जुना चेंडू टाकून परत आल्यावर त्यांनी तो न पुसता मांडीवर घेतला आणि दिव्याखाली फिरवत राहिले. लेनवरच्या तेलाची बारीक कडी चेंडूवर उमटली होती, एकमेकांजवळून जाणारी आणि दोन ठिकाणी एकमेकांना छेदणारी, एखाद्या बो-टायसारखी. त्यांतले सुटताना उमटलेले पहिले कडे त्यांनी पिवळ्या मेणपेन्सिलीने गिरवून घेतले. मग ‘आर्माडिलो’ नावाची एक लवचिक मोजपट्टी चेंडूवर अशी बसवली, की तिची कड त्या पिवळ्या रेषेला सगळीकडे टेकली. कड्यावरचा प्रत्येक बिंदू पॅपपासून सारख्याच अंतरावर असतो, त्यामुळे कड बरोबर बसली की पट्टीवरची खूण पॅप दाखवते. त्यांनी तिथे ठिपका दिला आणि पकडीच्या मध्यापासून अंतर मोजले. आडवे ४ ३/४ इंच आणि वर १/२ इंच.

माझ्या कागदावर साडेपाच आणि शून्य लिहिलेले होते.

“हे माप कधी घेतले होते?” त्यांनी विचारले. मला आठवावे लागले. त्याआधीच्या चेंडूच्या वेळी घेतलेले ते माप होते. तेव्हा मी मनगटाला आधारपट्टा बांधून खेळत असे. पुढे पट्टा सोडला, चेंडू सोडण्याची पद्धत बदलली, आणि जुना चेंडू घ्यायला गेलो तेव्हा दुकानातल्या माणसाने पूर्वीच्या नोंदीवरचेच आकडे उतरवून घेतले. मीही काही बोललो नाही, कारण पॅप बदलू शकतो हे मला ठाऊकच नव्हते. खात्रीसाठी त्यांनी नव्या खुणेवर पांढऱ्या चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावला आणि मला पुन्हा टाकायला सांगून स्वतः लेनच्या बाजूला उभे राहिले. हातातून सुटताच तो तुकडा जागच्या जागी गरगरत राहिला, डगमगला नाही. मग त्यांनी तो काढून जुन्या कागदावरच्या जागी लावला. या खेपेला तो मलासुद्धा ठळकपणे गोल गोल हिंदकळताना दिसला.

त्यानंतर त्यांनी जुन्या चेंडूच्या पिनपासून खऱ्या पॅपपर्यंतचे अंतर मोजून दाखवले. कागदावर पाच इंच होते, प्रत्यक्षात चारच्या थोडेसे वर भरले. म्हणजे वर्षभर मी ज्या चेंडूला ‘उशिरा वळणारा’ समजून शिव्या देत होतो तो माझ्या हातात कधी उशिरा वळणारा नव्हताच. एखाद्याच्या मापाने शिवलेला सदरा दुसऱ्याने घालावा आणि शिंप्याला बोल लावावा, तसे माझे झाले होते. यात दोष निम्मा त्या दुकानाचा, निम्मा माझा.

एवढे झाल्यावर मगच नव्या चेंडूंचा विषय निघाला. माझा बेत साधा होता: एक चेंडू लवकर लोळायला लागणारा हवा आणि दुसरा उशिरा. लवकर लोळणाऱ्या चेंडूत पिन पॅपच्या जवळ ठेवायची आणि उशिराच्या चेंडूत लांब, एवढे मला माहीत होते. त्याचबरोबर माझी अशीही समजूत होती, की पिन पॅपच्या जवळ आणली की ‘फ्लेअर’ कमी होतो, म्हणून तो चेंडू कमी वळतो. फ्लेअर म्हणजे चेंडू लेनवरून जाताना त्याच्या फिरण्याच्या आसाचे सरकत जाणे. आस सरकल्यामुळे प्रत्येक फेरीला कवचाचा नवा, कोरडा भाग लेनला लागतो आणि म्हणूनच तेलाची कडी एकावर एक न पडता पंख्यासारखी पसरतात. त्यांनी माझे ऐकून घेतले आणि एका कागदावर आडवी रेघ ओढली. एका टोकाला शून्य लिहिले, दुसऱ्या टोकाला पावणेसात आणि बरोबर मध्यावर ३ ३/८.

पावणेसात इंच म्हणजे चेंडूच्या परिघाचा चौथा हिस्सा, पिन आणि पॅप यांच्यात ठेवता येण्याजोगे सर्वांत मोठे अंतर. पिन पॅपवरच असेल, म्हणजे अंतर शून्य असेल, तर चेंडू कोअरच्या उभ्या आसाभोवतीच फिरतो, तिथे तो स्थिर असतो आणि फ्लेअर जवळजवळ होत नाही. पावणेसात इंचांवरही तेच, कारण तिथे चेंडू कोअरच्या आडव्या आसाभोवती स्थिर फिरतो. फ्लेअर सर्वांत जास्त होतो तो या दोहोंच्या मध्यावर, ३ ३/८ इंचांवर, कारण तिथे कोअर सर्वांत अस्थिर अवस्थेत असतो आणि स्थिर होण्यासाठी आस ओढत नेतो. मग त्यांनी मध्याच्या डावीकडे पावणेदोनवर आणि उजवीकडे पाचवर फुली मारली. दोन्ही फुल्या मध्यापासून सारख्याच, १ ५/८ इंच अंतरावर होत्या. “या दोन ठिकाणी फ्लेअर जवळपास सारखाच मिळेल,” ते म्हणाले, “तरी चेंडू वेगळे वागतील. ते का, हे तुम्हीच बघा.”

दोन लेआउट त्यामुळे असे ठरले: एकात ६५ × ५ × ३५, दुसऱ्यात ६५ × १ ३/४ × ३५. मधला आकडा, म्हणजे पिन ते पॅप हे अंतर, तेवढा वेगळा, बाकीचे दोन्ही कोन तेच. मला दुसऱ्या चेंडूत शेवटचा कोनही बदलायचा मोह झाला होता, तो त्यांनी मोडून काढला, आणि आता वाटते की त्या दिवशीचा सर्वांत शहाणपणाचा सल्ला तो होता, कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या असत्या तर नंतर दिसलेल्या फरकाचे श्रेय कशाला द्यायचे हे मला कधीच कळले नसते.

आखणीचे काम मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिले. भोकांच्या जागा आधी ठरतात आणि पिन जिथे पडेल तिथे पडते, असे मला वाटत असे, पण क्रम अगदी उलटा असतो. ही चेंडूंचे रचनाकार मो पिनेल यांनी मांडलेली द्विकोन पद्धत. ड्रिलरने पिनवरून चेंडूच्या गुरुत्वमध्याच्या खुणेकडे एक रेघ ओढली, तिच्याशी ६५ अंशांचा कोन करून दुसरी रेघ काढली आणि त्या रेघेवर पिनपासून पाच इंचांवर पॅपची खूण केली. मग पॅपमधून, पिनकडे येणाऱ्या रेघेशी ३५ अंश करून, एक उभी रेघ गेली. या उभ्या रेघेवर पॅपपासून अर्धा इंच खाली उतरून, तिला काटकोनात आडवी रेघ काढून, तीवर पावणेपाच इंच डावीकडे गेल्यावर कुठे पकडीचा मध्य सापडला. तिथून पुढे माझ्या बोटांची मापे. अंगठा आणि बोटे यांच्यातले अंतर, प्रत्येक भोकाचा कल, मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या भोकांमध्ये सोडायची जागा हे सगळे शेवटी आले. पहिल्या चेंडूवर पिन दोन्ही बोटांच्या वर, साधारण मधोमध आली. दुसऱ्यावर ती अनामिकेच्या उजवीकडे सुमारे अडीच इंचांवर गेली. एकाच जातीचे ते दोन चेंडू शेजारी ठेवले तर कोणालाही वेगळे वाटले असते.

यंत्रावर चेंडू पकडीत घट्ट बसवून त्यांनी आधी बोटांची भोके पाडली. प्रत्येकी ३१/३२ इंच व्यासाची, कारण आत रबरी नळकांडी बसायची होती. पाते खाली येताच आधी कवचाच्या निळ्या-जांभळ्या कुरळ्या फिती बाहेर पडू लागल्या आणि राळेचा उग्र वास सुटला. काही क्षणांनी फितींचा रंग बदलून राखाडी झाला, ते आतले भरण. अंगठ्याचे भोक सव्वा इंचाचे, त्यात प्लास्टिकचा दट्ट्या चिकटवून मग त्याला माझ्या अंगठ्याच्या मापाने पुन्हा भोक पाडायचे. कडा घासून गोल करण्यात त्यांनी भोके पाडण्यापेक्षा जास्त वेळ घालवला. दर वेळी अंगठा आत घालून बाहेर काढायला सांगत, चेहऱ्याकडे बघत, पुन्हा दोन हात घासत.

शेवटी दोन्ही चेंडू तराजूवर गेले. भोकांमधून वस्तुमान निघून जाते, त्यामुळे चेंडूची एक बाजू दुसरीपेक्षा जड होते. युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसच्या नियमानुसार हा फरक कोणत्याही दिशेला ३ औंसांपेक्षा जास्त चालत नाही. पूर्वी तोल साधण्यासाठी किंवा चेंडूची वागणूक बदलण्यासाठी बोट न घालायचे एक चौथे भोकही पाडत असत. १ ऑगस्ट २०२० पासून त्यावर बंदी आली आणि प्रत्येक भोक दर फेकीला पकडीसाठी वापरलेच पाहिजे असे ठरले. लेआउट आखताना ड्रिलरच्या हातातले एक मोठे हत्यार त्यामुळे गेले आणि पिन कुठे ठेवायची या निर्णयाचे वजन तेवढेच वाढले. माझे दोन्ही चेंडू मर्यादेच्या बरेच आत भरले.

आता परीक्षा. मी पहिल्याच दिवशी घोळ घातला. आधी पाच इंचांचा चेंडू वीस वेळा टाकला, मग पावणेदोन इंचांचा वीस वेळा, आणि दुसरा चेंडू किती लवकर वळतो हे बघून खूश झालो. घरी आल्यावर लक्षात आले, की पहिल्या वीस फेकींनी माझ्या वाटेवरचे तेल खरवडून नेले होते. त्या वाटेवर कोणताही चेंडू लवकरच वळला असता. दुसऱ्या दिवशी एकआड एक टाकायला सुरुवात केली, तर नवेच त्रांगडे: दुसऱ्या चेंडूत अंगठा जरासा अडकत होता. किती? केसभर. पण तेवढ्याने मी तो चेंडू नकळत आवळून धरत होतो, तो उशिरा सुटत होता आणि त्याचे फिरणेच बदलत होते. दोन दिवसांची टिपणे मी फाडून टाकली. ड्रिलरने अंगठ्याचे भोक किंचित घासून दिले आणि सकाळी अंगठा सडपातळ असतो तेव्हा आत लावायला कापडी पट्टीचे तुकडे दिले. लेआउटवर तासन्‌तास बोलणारे आम्ही खेळाडू अंगठ्याच्या भोकाकडे किती कमी लक्ष देतो, याचे मला त्या दोन दिवसांत आश्चर्य वाटले. चेंडू हातातून रोज एकसारखा सुटत नसेल तर पिन बोटांच्या वर आहे की बाजूला, याला काही अर्थ उरत नाही.

तिसऱ्या परीक्षेपूर्वी दोन्ही चेंडूंची पृष्ठे २००० ग्रिटच्या अब्रॅलॉन या घासायच्या चकतीने सारखी करून घेतली (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितके पृष्ठ गुळगुळीत). मग ताजे तेल लावलेल्या लेनवर, एकाच खुणेवरून, एकच नेम धरून, एकआड एक.

लेन फाउलच्या रेषेपासून पहिल्या पिनपर्यंत ६० फूट लांब आणि ३९ फळ्यांची असते. चेंडू अजिबात न घसरता नुसता लोळत गेला असता तर २७ इंच परिघाच्या हिशेबाने त्याला साधारण २७ फेऱ्या लागल्या असत्या. माझा चेंडू सुटताना मिनिटाला सुमारे ३०० फेऱ्या घेतो आणि सुमारे २.४ सेकंदांत पोचतो, म्हणजे सुटतानाचा वेग धरला तर जेमतेम १२ फेऱ्या. हा जो तुटवडा आहे तो घसरण्याने भरून निघतो. चेंडू आधी घसरतो, मग घर्षण पकडून वळतो आणि शेवटी पूर्ण लोळतो. या तीन अवस्था कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात, एवढेच लेआउट बदलू शकतो.

पाच इंचांचा चेंडू तेलातून निवांत गेला. तेल संपले तिथे तो थोडा रेंगाळला आणि मग एकदम डावीकडे वळला. वळण्याचा क्षण बोट ठेवून दाखवता आला असता. पावणेदोन इंचांच्या चेंडूत असा क्षणच सापडत नव्हता. तो लवकर, अगदी हळूहळू कलत गेला आणि एखाद्या नदीच्या सैल वळणासारखा पॉकेटपर्यंत पोचला. दोघे पॉकेटला जवळपास सारख्याच फळीवर लागत होते, पण पहिला जास्त कोनातून शिरत होता आणि दुसरा सपाट. पॉकेटमध्ये शिरताना चार ते सहा अंशांचा कोन मिळाला तर पिना उडण्याची शक्यता चांगली असते. दुसऱ्याला तो मिळवून द्यायचा तर मला आणखी डावीकडे उभे राहून चेंडू बाहेर ढकलावा लागत होता.

टाकून झाल्यावर दोन्ही चेंडू शेजारी ठेवून कडी पाहिली, आणि ड्रिलरचे बोलणे तेव्हा उमगले. दोन्हींवर तेलाच्या पंख्याची रुंदी जवळपास सारखीच होती. फ्लेअरमुळे फरक पडला असे म्हणायला वाव नव्हता. फरक होता तो चेंडू फिरायला किती सहज तयार होतो याचा. पिन पॅपच्या जवळ असली की चेंडू सोप्या आसाच्या जवळ फिरतो, म्हणून लवकर वेग घेतो आणि लवकर लोळू लागतो. पिन लांब असली की जड आसाच्या जवळ फिरतो, वेग घ्यायला वेळ लावतो आणि म्हणून त्याचा जोर शेवटपर्यंत टिकतो.

घरी मी थोडी आकडेमोडही केली. या जडपणाचे माप ‘आरजी’ या आकड्यात देतात. माझ्या चेंडूंचा सर्वांत कमी आरजी २.४८ इंच आणि सर्वांत जास्त २.५३, म्हणजे दोहोंतला फरक, ज्याला डिफरन्शियल म्हणतात, ०.०५०. नियमाप्रमाणे हा फरक ०.०६० च्या वर जाऊ शकत नाही. भोके पाडण्यापूर्वीचे आकडे धरले तर पावणेदोन इंचांवर माझ्या पॅपचा आरजी सुमारे २.४९ येतो आणि पाच इंचांवर सुमारे २.५२. म्हणजे शेकडा सव्वाच्या आसपास फरक. फिरण्याचा जडपणा आरजीच्या वर्गाप्रमाणे बदलतो हे धरले तरी तो शेकडा तीनच्या आतच राहतो. एवढ्याशा फरकाने चेंडूची वाट डोळ्यांना वेगळी दिसावी याचे मला कौतुक वाटले, आणि एवढ्याशा फरकाकडून मी किती अपेक्षा ठेवून होतो याचे हसूही आले.

ते हसू पुढच्या आठवड्यात आणखी वाढले. सहज म्हणून पाच इंचांच्या चेंडूचे पृष्ठ ५०० ग्रिटने खरखरीत करून टाकले. तोच लेआउट, तोच हात, तेच तेल. चेंडू तेलातच पकड घेऊ लागला आणि पावणेदोन इंचांच्या चेंडूच्याही आधी वळला. लेआउटने मला जो फरक दिला होता तो मी पाच मिनिटांत चकती फिरवून पुसून टाकला आणि उलट्या बाजूला त्याहून मोठा फरक करून बसलो. पुन्हा २००० वर आणल्यावर चेंडू आपल्या मूळ वळणावर आला. चेंडू कुठे वळेल हे ठरवण्यात कवच आणि त्याचा खरखरीतपणा यांचा वाटा सर्वांत मोठा असतो हे मी आधीही वाचले होते, पण हाताला लागल्याशिवाय ते पटले नव्हते. लेआउट वाट बदलतो म्हणण्यापेक्षा वाटेचा आकार बदलतो, असे आता मी म्हणेन: चेंडू किती वळतो हे बहुतांशी पृष्ठ ठरवते आणि तो झटक्यात वळतो की ओघाने, हे पिन ठरवते.

शेवटच्या कोनाविषयी, म्हणजे त्या ३५ अंशांविषयी, मी स्वतः परीक्षा केलेली नाही, फक्त ड्रिलरने समजावलेले सांगतो. हा कोन लहान असला तर चेंडू घर्षणाला चटकन प्रतिसाद देतो, मोठा असला तर सावकाश. यात भोकांचाही हात असतो. पिन बोटांच्या वर असली तर अंगठ्याचे भोक पिनपासून फार लांब, कोअरच्या आडव्या अंगावर पडते आणि तिथले वस्तुमान गेल्याने डिफरन्शियल वाढते. पिन बोटांच्या खाली, पकडीच्या मध्याजवळ असली तर तिन्ही भोके पिनच्या आसपासचे वस्तुमान काढतात, डिफरन्शियल कमी होते आणि चेंडू सौम्य होतो. असममित कोअरच्या चेंडूंत याखेरीज आणखी एका खुणेचा हिशेब असतो, त्यात मी अजून पडलेलो नाही. उरलेल्या एकट्या पिना टिपायला जो साधा प्लास्टिकचा चेंडू वापरतात त्याच्या लेआउटवर मात्र डोके खपवू नये, त्याच्या कोअरमध्ये फरक करण्यासारखे फारसे काही नसते.

जुन्या चेंडूची भोके बुजवून नव्याने पाडायची का, असे मी शेवटी विचारले. ड्रिलरने तो हातात घेऊन फिरवला आणि तसे न करता पृष्ठ ४००० ग्रिटपर्यंत गुळगुळीत करून दिले. आता तो तेलातून बऱ्यापैकी लांब जातो. लेन सुकत आली की तोच काढतो, ताज्या तेलावर पावणेदोन इंचांचा, आणि मधल्या वेळी पाच इंचांचा.

निघताना त्यांनी माझ्या नावाचे कार्ड भरले. पकडीची सगळी मापे शाईच्या पेनने लिहिली आणि पॅपच्या रकान्यात ४ ३/४ आणि १/२ हे आकडे, शेजारी तारीख टाकून, पेन्सिलीने. त्याखालच्या तीन ओळी त्यांनी कोऱ्या सोडल्या आहेत.